गेम बॉय, कमोडोर आणि आपले स्वर: सोलापुरात जुन्या यंत्रांवर संगीत करू पाहणाऱ्यांसाठी धागा

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

जुन्या संगणकांच्या आणि हातात धरून खेळायच्या गेम यंत्रांच्या ध्वनिचिपवर संगीत रचण्याच्या कलेला चिपट्यून म्हणतात, हे या विभागात येणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असेल. मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. मावसभावाकडून मला १९८९ च्या मूळ बनावटीचा राखाडी गेम बॉय मिळाला असून त्यात स्वीडनच्या योहान कोटलिन्स्की यांनी लिहिलेल्या ‘लिटिल साउंड डीजे’ या संगीतरचनेच्या प्रोग्रामची काडतूस (कार्ट्रिज) बसवलेली आहे. दोन चौकोनी लहरींचे आवाज, एक आपण स्वतः रेखाटायच्या लहरीचा आवाज आणि एक खरखरीचा, अशा चारच आवाजांत संपूर्ण रचना बसवावी लागते, आणि नेमकी हीच अट मला मोहात पाडते.

माझे तीन प्रश्न आहेत. आवाज स्वच्छ मिळावा म्हणून यंत्रात कोणता बदल आधी करावा? आपल्या रागांतले स्वर, विशेषतः गांधार, या यंत्रावर पेटीपेक्षा अधिक खरा लावता येतो का? आणि सोळा पायऱ्यांच्या चौकटीत रूपक किंवा दादरा कसा बसवावा? इंग्रजीतल्या चर्चांमध्ये पहिल्या प्रश्नाची उत्तरे भरपूर आहेत, पण उरलेल्या दोन प्रश्नांकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून हा धागा आपल्या लोकांसाठी काढत आहे.

तांबडा_सोल्डर

दादा, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे दुरुस्तीचेच काम आहे आणि ही राखाडी पेटी मी अनेकदा उघडली आहे.

मूळ गेम बॉयमध्ये चिपमधून निघालेला आवाज आधी आवाजाच्या चाकाकडे, म्हणजे व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरकडे जातो आणि तिथून आतल्या छोट्या अॅम्प्लिफायरमधून हेडफोनच्या भोकात येतो. हा अॅम्प्लिफायर स्वतःची गुणगुण मिसळतो आणि खर्ज पातळ करतो. ‘प्रो साउंड’ नावाने ओळखला जाणारा बदल म्हणजे चाकाच्या आधीच्या टोकांपासून डावी, उजवी आणि जमिनीची (ग्राउंड) अशा तीन तारा काढून त्या वेगळ्या सॉकेटला जोडणे, एवढाच असतो. यानंतर त्या सॉकेटवर चाकाचा परिणाम होत नाही, त्यामुळे आवाज मिक्सरवरच कमी-जास्त करावा लागतो. खर्ज ठळक येतो आणि गुणगुण बरीच घटते. पैसे एकाच बदलावर खर्च करायचे असतील तर ते यावरच करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यामागे प्रकाश बसवणे हा दुसरा बदल. त्यासाठी पडद्याच्या पाठीमागचा चांदीसारखा परावर्तक थर आणि त्याला चिकटलेला पोलरायझर सोलून काढावा लागतो. हे काम अत्यंत सावकाश करावे, कारण पाते घसरून काच तडकली की पडदा गेलाच. पडद्यावर उभ्या रेषा दिसेनाशा झाल्या असतील तर पडदा बदलण्याची घाई करू नये. खालच्या पट्टीतारेच्या (रिबन केबलच्या) जोडणीचा चिकटपणा सैल झाल्याने त्या जातात, आणि त्या जोडणीवरून तापलेली सोल्डरिंग इस्त्री हलक्या हाताने फिरवली की बहुधा परत येतात.

उघडण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बाहेरचे स्क्रू तीन पात्यांचे असतात, त्यांना साधा पेचकस लावला तर डोके झिजते. पुढचा आणि मागचा भाग एका पट्टीतारेने जोडलेले असतात, त्यामुळे झाकण एकदम ओढू नये. खेळाच्या काडतुसात रचना जपून ठेवणारी बारीक बॅटरी असते, ती संपली किंवा काढली की आतले सारे पुसले जाते, म्हणून काडतूस नवीन मिळाली तरी रचनांची प्रत संगणकावर उतरवून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. आणि कार्यक्रमात शक्यतो चार पेन्सिल सेलच वापरावेत. स्वस्त अॅडॉप्टरची घरघर कितीही चांगल्या सॉकेटमधून ऐकू येते.

पूर्वभाग_माग

आमच्या घरात चादरीचे माग आहेत, त्यामुळे या प्रोग्रामची मांडणी मला शिकावी लागली नाही. जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरते, एकेक पुठ्ठा एकेका ओळीला कोणते ताणे उचलायचे ते सांगतो, आणि माळ संपली की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. लिटिल साउंड डीजेमध्येही सोळा पायऱ्यांचा एक ‘फ्रेझ’, अशा फ्रेझांची ‘चेन’ आणि चेनांचे गाणे, अशी वरून खाली वाचायची रचना आहे. एकच फ्रेझ वेगवेगळ्या चेनांत, हवा तर वरच्या किंवा खालच्या स्वरातही, पुन्हा वापरता येतो. त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने लांबच लांब चाल लिहीत बसू नये. मुखडा एकदा नीट बसवावा आणि तो पुनःपुन्हा वापरून अंतऱ्याकडे जावे.

काळी_तीन

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला फार दिवसांपासून लिहायचे होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पेटीवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्या मांडणीत गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर येतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार, ज्याचे षड्जाशी नाते ५:४ असे आहे, तो सुमारे ३८६ सेंटांवर असतो. हा चौदा सेंटांचा फरक कान तयार असलेल्या माणसाला सहज बोचतो. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले होते आणि त्यामागच्या आक्षेपांत अचल स्वर व मींडेचा, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड सरकण्याचा, अभाव हे मुद्दे प्रमुख होते. गेम बॉयवर मात्र हे दोन्ही दोष टाळता येतात.

चौकोनी लहरीच्या आवाजाची कंपनसंख्या गेम बॉयमध्ये १३१०७२ भागिले एक पूर्णांक अशी ठरते. हा भाजक १ पासून २०४८ पर्यंत कोणताही घेता येतो. म्हणजे यंत्रात स्वर साठवलेले नसतात, तर लहरीची लांबी साठवलेली असते. शुद्ध स्वरांची षड्जाशी असलेली नाती ९:८, ५:४, ४:३, ३:२ अशी साध्या पूर्णांकांची असतात आणि त्या आकड्यांत दोन, तीन आणि पाच यांखेरीज दुसरा मूळ घटक नसतो. म्हणून षड्जाचा भाजक या तिघांनीही पुष्कळदा भाग जाईल असा निवडला, तर बाकीचे स्वर अपूर्णांकात न अडकता बरोबर पूर्णांकावर पडतात. असा आकडा आहे ७२०.

षड्जाला ७२० दिला की कोमल ऋषभ ६७५, शुद्ध ऋषभ ६४०, कोमल गांधार ६००, शुद्ध गांधार ५७६, मध्यम ५४०, तीव्र मध्यम ५१२, पंचम ४८०, कोमल धैवत ४५०, शुद्ध धैवत ४३२, शुद्ध निषाद ३८४ आणि तार षड्ज ३६० येतो. कोमल निषाद तर दोन मिळतात: ४०५ आणि त्याहून किंचित चढा ४००. ऋषभाचेही तसेच आहे, ६४० च्या शेजारी ६४८ हा उतरलेला ऋषभ उपलब्ध आहे. यांत कुठेही ‘जवळपास’ असे काही नाही. ही नाती तंतोतंत अचूक आहेत. मंद्र सप्तकासाठी सगळे आकडे दुप्पट करावेत. तिथे षड्ज १४४० होतो आणि तोही मर्यादेत बसतो.

हा षड्ज सुमारे १८२ हर्ट्झचा आहे, म्हणजे पेटीच्या काळी तीन या पट्टीपेक्षा थोडा उतरलेला. साथीला पेटी असेल तर ती याच्याशी जुळणार नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. तंबोरा किंवा तबला याला मिळवता येतो, पेटी मिळवता येत नाही.

अडचण एकच आहे. लिटिल साउंड डीजेमधले स्वर समान विभाजनाचे आहेत, त्यामुळे हे आकडे थेट वापरायचे तर स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. सी भाषेत गेम बॉयसाठी प्रोग्राम लिहिण्याचे ‘जीबीडीके’ हे साधन फुकट मिळते. यंत्राला भाजक थेट दिला जात नाही. २०४८ मधून भाजक वजा करून आलेली संख्या द्यायची असते, म्हणजे ७२० साठी १३२८.

सप्तसूर_विद्यार्थी

काळी तीन ताई, हे अप्रतिम आहे. पण एवढे सगळे मोबाईलवरच्या एखाद्या अॅपमध्ये दोन मिनिटांत होत असताना जुन्या यंत्राशी झटापट करण्याचे कारण काय, हे मनापासून समजून घ्यायचे आहे.

काळी_तीन

विचारलेत ते योग्यच केलेत. मोबाईलवर हवे तेवढे आवाज हाताशी असतात, त्यामुळे एखादा स्वर रचनेत का आहे हे स्वतःला विचारण्याची वेळच येत नाही. इथे चारच आवाज आहेत आणि त्यांतला एक तंबोऱ्याला व एक तालाला दिला की सुरावटीसाठी दोनच उरतात. मग दुसरा आवाज पहिल्याची सावली म्हणून ठेवायचा, सवालजवाबासाठी ठेवायचा की मधूनच गप्प करायचा, हा निर्णय दर आवर्तनाला घ्यावा लागतो. रचना घट्ट होते ती अशा निर्णयांमुळे.

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

ताई, ७२० चा आकडा मी वहीत लिहून घेतला. सुंद्री हे सनईच्या कुळातले, पण तिच्याहून लहान वाद्य आपल्या सोलापूर-अक्कलकोट भागाची ओळख आहे. तिच्या जवळपासचा आवाज चौकोनी लहरीतून निघेल का? आणि मींड घेताना प्रत्येक पायरीवर स्वर नव्याने ठोकल्यासारखा वाजतो, तो कसा टाळावा?

काळी_तीन

चौकोनी लहर एका आवर्तनात किती वेळ वर राहते त्याचे चार पर्याय गेम बॉय देतो: साडेबारा, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर टक्के. पन्नासला फक्त विषम स्वरांश (मूळ स्वरात मिसळलेले त्याच्या पटींतले वरचे स्वर) उरतात आणि आवाज पोकळ, बासरी-क्लॅरिनेटकडे झुकणारा येतो. पंचवीस आणि पंचाहत्तर कानाला सारखेच लागतात. सुंद्रीसाठी साडेबारा टक्के घ्यावेत, कारण त्यात वरचे स्वरांश भरपूर असतात आणि जिव्हाळीच्या वाद्यांचा तो अनुनासिक धारदारपणा त्यांतूनच येतो. हुबेहूब सुंद्री होणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. पण सुरावट सुंद्रीच्या अंगाने जाऊ शकते.

मींडेचे गमक एका बिटमध्ये आहे. भाजकासाठी द्यायच्या संख्येचे वरचे तीन बिट ज्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात) लिहितात, त्याच रजिस्टरचा सर्वांत वरचा बिट स्वर नव्याने सुरू करण्याची आज्ञा असतो. तो बिट शून्य ठेवून फक्त आकडा बदलत गेलात तर आघात न होता स्वर सरकतो. पंचमावरून गांधारावर यायचे तर ४८० पासून ५७६ पर्यंत एकेक आकड्याने यावे, आणि मधल्या मध्यमावर, म्हणजे ५४० वर, किंचित रेंगाळावे. मध्य सप्तकात एका आकड्याचा फरक अडीच ते पाच सेंटांचा असल्याने सरकणे अखंड वाटते. तारच्याही वरच्या सप्तकाच्या शेवटी, भाजक ९० च्या आसपास, हाच फरक एकोणीस सेंटांवर जातो आणि मींडेच्या पायऱ्या ऐकू येऊ लागतात. म्हणून मींडेची जागा मंद्र आणि मध्य सप्तकातच निवडावी. लिटिल साउंड डीजेमध्येच राहायचे असेल तर ‘एल’ ही स्वरावरून स्वरावर घसरण्याची आज्ञा वापरावी.

तंबोऱ्यासाठी तिसरा आवाज घ्यावा. त्यात बत्तीस बिंदूंची लहर आपण रेखाटतो आणि प्रत्येक बिंदूला सोळा उंच्यांपैकी एक मिळते. त्या बत्तीस बिंदूंत एका लहरीची दोन आवर्तने आणि दुसरीची तीन आवर्तने बेरीज करून बसवली, की एकाच आवाजातून षड्ज आणि पंचम एकत्र वाजतात. या आवाजाचे गणित ६५५३६ भागिले भाजक असे आहे, त्यामुळे इथेही ७२० च ठेवला की दोन आवर्तनांचा षड्ज बरोबर १८२ हर्ट्झवर येतो आणि पंचम २७३ वर. चार आवर्तनांची तिसरी लहर हलकीशी मिसळली तर तार षड्जही मिळतो.

हलगी_मोहोळ

तिसरा प्रश्न तालाचा होता, आणि तो आमच्या हातातला आहे.

प्रोग्रामची सोळा पायऱ्यांची चौकट तीनताल आणि आठ मात्रांचा भजनी ठेका यांना जशीच्या तशी चालते. दादऱ्यासाठी मात्रेला दोन पायऱ्या धरून बारा पायऱ्या हव्यात, तर रूपकाला चौदा. त्यासाठी ‘एच’ ही उडी मारण्याची आज्ञा असते. पायऱ्यांची गणती शून्यापासून सोळाच्या पद्धतीने (नऊनंतर ए, बी, सी अशी एफपर्यंत) होते, म्हणून दादऱ्यासाठी ‘सी’ पायरीवर आणि रूपकासाठी ‘ई’ पायरीवर ती लिहिली की फ्रेझ तिथेच संपून पुढचा सुरू होतो. ही आज्ञा चारही आवाजांत लिहावी लागते. एकात राहिली तर तो आवाज प्रत्येक आवर्तनात समेपासून दूर सरकत जातो.

हलगीचा आवाज खरखरीच्या चौथ्या आवाजातून काढावा. त्याचे दोन प्रकार आहेत. लांब क्रमाचा प्रकार वाऱ्यासारखा वाजतो, तर छोट्या क्रमाचा दर १२७ पावलांनी स्वतःचीच पुनरावृत्ती करतो आणि त्यामुळे त्याला धातूसारखी धार येते. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत आगीवर शेकून ताणलेल्या हलगीवर बारीक काडी पडते तेव्हा जो कडक, कोरडा ठोका येतो, त्याला हा छोट्या क्रमाचा प्रकार जवळचा आहे. आवाजाची पातळी पंधरावरून शून्यावर शक्य तितक्या वेगाने उतरवावी. हलगीच्या जाड काठीच्या, म्हणजे टिपऱ्याच्या, घुमाऱ्यासाठी तिसऱ्या आवाजात स्वर वरून खाली झपकन पाडावा. पण तिथे तंबोरा चालू असतो, म्हणून ठोक्यापुरता तंबोरा थांबवून लगेच पुन्हा सुरू करावा. ठोका जोरकस असेल तर मधली ती फट कानाला कळत नाही.

सगळे ठोके सारख्या जोराचे ठेवू नयेत, हे मात्र कळकळीने सांगतो. यंत्रावर बसवलेला ताल निर्जीव वाटतो तो यामुळेच. ‘ग्रूव्ह’च्या पडद्यावर पायऱ्यांची लांबी सहा-सहाऐवजी सात आणि पाच ठेवली की चालीत झोल येतो, आणि आपल्याकडच्या ठेक्यांना तो झोल हवाच असतो.

निवृत्त_शिक्षक

गेम बॉयवरच्या चर्चेत जुन्या संगणकांचा उल्लेख राहून जाऊ नये, म्हणून लिहितो. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात बीबीसी मायक्रो हे संगणक देशातल्या शाळांमध्ये आले. त्यांच्या बेसिक भाषेत ‘साउंड’ या आज्ञेला चार आकडे द्यायचे असत: कोणता आवाज, किती मोठा, कोणता स्वर आणि किती वेळ. स्वराचा आकडा चारने वाढला की एक अर्धस्वर चढतो, म्हणजे एकेक पायरी पंचवीस सेंटांची. काळी तीन ताईंचा ३८६ सेंटांचा गांधार या जाळीत ३७५ आणि ४०० यांच्या मध्ये पडतो, त्यामुळे बेसिकमधून तो निघत नाही.

पण ताईंचे गणित त्या यंत्राच्या चिपलाही लागू पडते, हे वाचताना लक्षात आले आणि फार आनंद झाला. चिपशी थेट बोलले तर तिथे कंपनसंख्या १२५००० भागिले भाजक अशी असते, मर्यादा १०२३. म्हणजे ७२० चा षड्ज सुमारे १७३.६ हर्ट्झचा, जवळजवळ पांढरी चारचा. मंद्रात मात्र पंचमापर्यंतच, ९६० पर्यंत, उतरता येते. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडायचे जे गेम होते, त्यांच्या चिपमध्येही भाजकाचीच पद्धत आहे, पण तिथे यंत्र दिलेल्या आकड्यात स्वतः एक मिळवते, म्हणून ७१९ लिहावे लागेल. त्या नकली यंत्रांपैकी अनेकांत पंचवीस आणि पन्नास टक्क्यांच्या लहरींची अदलाबदल झालेली असते, हेही तपासून पाहावे.

१९८२ चा कमोडोर ६४ मात्र यात वेगळा आहे. बॉब यानेस यांनी रचलेल्या त्याच्या ‘सिड’ चिपमध्ये तीनच आवाज आहेत, पण कंपनसंख्या भागाकाराने नव्हे, तर सोळा बिटांच्या गुणाकाराने ठरते. युरोपीय पाल पद्धतीच्या यंत्रावर एक पाऊल सुमारे ०.०५९ हर्ट्झचे असते, त्यामुळे तिथे षड्ज कुठेही ठेवता येतो आणि मींड तार सप्तकातही अखंड राहते. शिवाय त्यात स्वरांश कमी-जास्त करणारा फिल्टर आहे. रागसंगीतासाठी मला विचाराल तर मी सिडलाच पहिली पसंती देईन.

तांबडा_सोल्डर

सरांच्या म्हणण्याला दुरुस्तीच्या बाजूने एक जोड देतो. कमोडोर ६४ घेतलात तर त्याच्यासोबतचा जुना वीजपुरवठ्याचा ठोकळा वापरू नका. आतला रेग्युलेटर बिघडला की पाच व्होल्टच्या जागी जास्त दाब जातो आणि मेमरीच्या चिपा जळतात. नवा पुरवठा आधी घ्यावा, संगणक नंतर चालू करावा. सिडची ६५८१ ही जुनी आवृत्ती बारा व्होल्टवर चालते आणि बरीच तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून तिच्यावर उष्णता शोषणारी पट्टी बसवणे अगत्याचे आहे. नंतरची ८५८० नऊ व्होल्टची आहे, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी तशीच खोचू नये. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सिडमध्ये खोट्या चिपा पुष्कळ असतात. वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

६५८१ चा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा वागतो. तुमच्या यंत्रावर बसवलेली रचना मित्राच्या यंत्रावर अधिक अंधारी किंवा अधिक उजळ वाजू शकते, तेव्हा ध्वनिमुद्रण आपल्याच यंत्रावर करून ठेवावे.

सप्तसूर_विद्यार्थी

माझ्याकडे यातले एकही यंत्र नाही आणि सध्या घेणेही शक्य नाही. तरीही सुरुवात करता येईल का?

काळी_तीन

नक्कीच येईल. ‘फर्नेस’ हा मुक्त प्रोग्राम साध्या संगणकावर चालतो आणि त्यात गेम बॉय, सिड आणि बीबीसी मायक्रोची चिप या तिन्ही निवडता येतात. गेम बॉयपुरते ‘ह्यूजट्रॅकर’ही चांगले आहे आणि त्यात केलेली रचना खऱ्या यंत्रावर चालणाऱ्या फाईलमध्ये उतरवता येते. पहिल्या रचनेसाठी भूपाची एक साधी चाल घ्यावी, कारण त्यात पाचच स्वर लागतात. तिसऱ्या आवाजात षड्ज-पंचमाची लहर रेखाटावी, पहिल्यात साडेबारा टक्क्यांची सुरावट ठेवावी, चौथ्यात भजनी ठेका धरावा आणि दुसरा आवाज पहिल्या दोन आवर्तनांपुरता रिकामाच सोडावा. फाईल इथे चढवलीत तर तांबडा सोल्डर दादा ती त्यांच्या गेम बॉयवर वाजवून तुम्हाला ध्वनिमुद्रण पाठवू शकतील.

तांबडा_सोल्डर

आनंदाने पाठवीन. फक्त फाईल मूळ राखाडी गेम बॉयसाठी बनवलेली असावी, रंगीत गेम बॉयपुरती नको.